शेळ्यांच्या खुंट्याला बांधलेली नात

माझी नात अर्चना शेळ्यांच्या खुंट्याला बांधलेली होती. कमरेला दावं, भाजलेला हात मांडीवर. कडब्याची गंजी अजून धुमसत होती. ती तिनंच पेटवली होती. गाव बघायला जमलं होतं, पण पाणी कोणी आणलं नाही. शेजारच्या गंगूनं तर आपलं लेकरू उचलून धरलं, त्याला नीट दिसावं म्हणून. तेव्हा आलेली किळस अजून गेलेली नाही.

बांधलं होतं तिच्या बापानं, माझ्या लेकानं, विठ्ठलनं. माझी लेक शांता म्हणाली, "लगीन लावून टाक दादा. सासरी गेली की ठिकाणावर येते."

"पंधरा वर्साची हाय ती," मी म्हणाले.

"मंग? शेळी तरी पंधरा वर्सं कोन ठेवतं, माय?"

लोक हसले.

हात चिघळला तेव्हा हिंगोलीला नेलं. पट्टी करताना डॉक्टरीणबाईंना कमरेवरचा वळ दिसला. त्यांनी आम्हाला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डिप्रेशन निघालं. म्हणजे मन आतून दबून जातं. डॉक्टर म्हणाले, "मोठी माणसं रडतात. लेकरं कधी कधी मोडतोड करतात, आग लावतात." गोळ्या दिल्या आणि फॅमिली थेरपी सांगितली, म्हणजे उपचार सगळ्या घरानं घ्यायचा.

त्यासाठी एक समुपदेशक ताई गावात येऊ लागली. आमच्याबरोबर तिनं शेजाऱ्यांनाही बसवलं. विचारलं, "दिवसभर हिच्याशी काय बोलता?"

ऊठ. शेण काढ. पाणी आण. गप बस. दुसरं काही कोणाला आठवेना.

"आता रोज प्रत्येकानं हिच्याशी एक वाक्य बोलायचं. त्यात हुकूम नको, शिवी नको."

"बोलायला शिकवायचा पगार मिळतो व्हय तुला?" शांता म्हणाली.

विठ्ठल रानात शेळ्यांशी दिवसभर गप्पा मारतो. पोरीसमोर त्याला एक वाक्य सुचेना. नुसता घाम पुसत बसला. मला त्याचीही किळस आली. शेवटी म्हणाला, "आपल्या कबऱ्या शेळीला दोन पिल्लं झाली."

अर्चनानं विचारलं, "दूध हाय का तिला?"

त्या एका वाक्यानं लगेच सगळं सुधारलं, असं सांगणार नाही. ती ताट फेकायची. एकदा पळून सिद्धेश्वरच्या धरणाकडे निघाली. तिला वाटेत अडवून घरी घेऊन आली ती गंगूच. जेवू घातलं, गर्दी जमू दिली नाही. गंगूला मी अजून माफ केलेलं नाही, पण हे खरं आहे.

नंतर शांता पुसेगावचं स्थळ घेऊन आली. विठ्ठल म्हणाला, "न्हाई. पुन्हा लग्नाचा विषय काढू नको."

तुमच्या घरी असं लेकरू असेल तर अंगारे-धुपारे करू नका, लग्नाची घाई करू नका. दवाखान्यात न्या. आणि ताई बसा म्हणाली की तुम्हीही बसा, लाज वाटली तरी.

अर्चना आता सतरा वर्षांची आहे. लग्न झालेलं नाही. हातावर डाग आहे. ती जगली.