साठ मिलिअँपियरची गळती

वलगाव रोडवरच्या सत्तारचाचांच्या दुकानात गाडी न्यायची, तर चार शब्द ऐकून घ्यायची तयारी लागे. अब्दुल सत्तार गाड्यांचं वायरिंग करत. अकोटच्या जिनिंगच्या ट्रकांवर ते हे काम शिकले, आणि चाळीस वर्षांत, कॉलेजात शिकलेल्या माणसाच्या हातची वायर पाहून त्यांचं नाक कधी सरळ राहिलं नव्हतं. शोरूमचे मेकॅनिक म्हणजे बूट घातलेले हमाल. करंट मोजायचा मीटर वापरणारे म्हणजे चांगले डोळे असून चष्मा लावणारे. चाचांकडे दोन वायरी जोडलेला एक बल्ब होता, टेस्ट लॅम्प, आणि तेवढ्यावर त्यांचं भागत होतं.

भातकुलीचा पियुष इंजिनिअरिंग करून जुनी एस्टीम शर्यतीत पळवायला निघाला होता. त्यानं मागच्या सीट काढल्या, सगळं वायरिंग स्वतः नव्यानं ओढलं आणि वजन वाचवायला डिकीत स्कूटरला असते तेवढी छोटी बॅटरी बसवली.

"एवढं पेट्रोल जाळून जातं कुठं?" चाचांनी विचारलं.

"चारशे मीटर. सरळ."

"मंग पायी जाय ना. तेवढ्यात माहा चहाबी थंडा होत नाही."

पियुष हसला नाही. तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, असं त्यानं सांगितलं. शर्यतीच्या रेषेवर धक्का मारता येत नाही, दुसऱ्या बॅटरीचा आधार घेता येत नाही. गाडी आपणहून सुरू झाली नाही तर बाद.

चाचांनी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली आणि मध्ये लॅम्प धरला. बंद गाडीतही कुठून करंटची गळती असेल तर बल्ब पेटायला हवा. पेटला नाही.

"गळती-बिळती काही नाही. बॅटरीच फालतू आहे तुही."

पियुषनं तेवढीच नवी बॅटरी घेतली, गाडी गुरुवारीच ट्रकवर चढवून नागपूरकडच्या एका धावपट्टीवर नेली. रविवारी रेषेवर चावी फिरवली, तर नुसती टकटक. दोन मिनिटांत त्याला बाजूला काढलं.

सोमवारी तो परत आला. भांडला नाही. खिशातला मीटर त्यानं चाचांच्या स्टुलावर ठेवला.

"येत्या रविवारी शेवटची फेरी आहे, चाचा."

शेजारचे टायरवाले हातातलं काम टाकून बघत होते. चाचांच्या शब्दावर गाडी बाद झाली, हे त्यांना केव्हाच कळलं होतं.

"ते खेळणं तूच धर," चाचा म्हणाले.

पियुषनं मीटर लावला. साठ मिलिअँपियर. एवढ्याशा करंटनं चाचांचा बल्ब पेटणं शक्यच नव्हतं. ट्रकच्या बॅटरीला तो महिनाभर जाणवला नसता, पण स्कूटरच्या मापाच्या बॅटरीला तीन दिवसांत रिकामं करायला पुरत होता. चाचा एकेक फ्यूज काढत गेले. आकडा हलेना. सगळे फ्यूज निघाले, मेन स्विच बंद केला, तरी साठ. म्हणजे कुठली तरी वायर या सगळ्यांना चुकवून थेट बॅटरीवर होती.

त्यांनी टर्मिनल उलटं केलं. खाली केसासारखी बारीक वायर डाग देऊन चिकटवलेली होती. पत्र्याच्या कडेनं ती पार डॅशबोर्डपर्यंत, गजानन महाराजांच्या फोटोभोवतीच्या, दिवसा पेटलेले कळतही नसलेल्या बारीक दिव्यांना गेली होती.

"हे कोनाचं काम?"

"माझंच," पियुष म्हणाला. "आई म्हणे, महाराजांपुढचा दिवा विझू द्यायचा नाही. मेन स्विच बंद केला की विझे. म्हणून डायरेक्ट घेतला."

"मागच्या खेपेले काहून नाही सांगतलं बे?"

"तुमी हसले असते."

हसलेच असते. टायरवाल्यांना बोलावून हसले असते. चाचा तंबाखू थुंकायला बाहेर गेले आणि जरा उशिरानंच आत आले.

जुन्या लॅपटॉपचे तीन सेल डबीत बसवून त्यांनी दिव्यांना वेगळं कनेक्शन दिलं. बॅटरीवरची वायर त्यांनी पियुषलाच तोडायला लावली. मीटर शून्यावर आला.

"तुह्या मायले सांग, हे रोज चार्जिंगले लावत जाय. आन् पुढच्या खेपेले कोनी हसो का रडो, जोडलं ते पयले सांगत जाय."

रविवारी दुपारी फोन आला. तीन दिवस उभी असलेली गाडी पहिल्या चावीला सुरू झाली होती.

"नंबर कितवा?"

"सातवा."

"गाड्या किती होत्या?"

"आठ."

"सुरू झाली ना? मंग माह्या हातचं काम झालं," चाचा म्हणाले. "पळवाची अक्कल काही मी वायरीतून सोडू शकत नाही."