मिठागरावरची दूधआई

माझी मुलगी सव्वा महिन्याची असताना मी तिला घेऊन मिठागरावरच्या घरी आले. हे मीठ खात्यात कारकून होते. मिठावरून देशात पुढे जी गडबड उडाली, तिच्या आधीची ही दोन-तीन वर्षं. धरमतरच्या खाडीच्या अंगाला लांबवर मिठागरं पसरलेली होती. त्यांच्या मधल्या उंच बांधावर खात्याची चौकी होती आणि चौकीला लागून दोन खोल्या. त्या आमच्या. गाव पाऊण कोसावर, गोडं पाणी तिथून कावडीने यायचं. बैलगाडी बांधाच्या तोंडाशीच थांबली आणि पुढे मी मुलीला पदराखाली घेऊन चालत गेले. पौषातलं ऊन काही कडक नसतं. पण मिठाच्या राशींवरून ते असं डोळ्यांवर येत होतं की वर बघवेना.

एवढ्या लवकर मी यायला नको होतं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि बाळंतीण तीन महिने तिथेच राहते. पण माझी आई मी तेरा वर्षांची असतानाच गेली होती. वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं आणि त्या बाईंचेही त्याच सुमाराला दिवस भरत आले होते. एका घरात दोन बाळंतिणींचं करणार कोण? वडील तोंडाने काही बोलले नाहीत, पण गाडी त्यांनीच सांगितली. माणगावाकडून सासूबाई आल्या, दहा दिवस राहिल्या. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू डब्यात भरून ठेवले, वावडिंगाची धुरी कशी द्यायची ते दाखवलं. घरी भाताची झोडणी खोळंबली होती, म्हणून परत गेल्या.

त्या गेल्या आणि मी मुलीबरोबर एकटी राहिले. आजवर कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते. मला तिच्याबद्दल काही वाटत नव्हतं. ती रडायची तेव्हा कुणाची तरी मुलगी रडते आहे आणि तिची आई कुठेतरी गेली आहे, असं वाटायचं. मी उठायचे, तिला घ्यायचे, दुपटं बदलायचे. हात सगळं करत होते. मी मात्र चुलीसमोर बसले की तासभर तशीच बसून राहायचे. भात करपल्याचा वास यायचा, तो कळायचाही, पण तपेली उतरवायला हात उठायचा नाही. हे जेवताना करपलेला भात मुकाट्याने बाजूला सारायचे. त्यांनी एकदा जरी रागावून विचारलं असतं तर मी रडले तरी असते.

मी मराठी सहावी शिकलेली. मुलांना कसं वाढवावं याचं एक पुस्तक यांनी मुंबईहून मागवलं होतं. त्यात सगळं वेळेवर बांधलेलं होतं. दूध इतक्या वाजता, अंघोळ इतक्या वाजता, रडलं तरी मधे घ्यायचं नाही. मी त्याप्रमाणे कागदावर तक्ता करून भिंतीला लावला. मुलीने तो एक दिवसही पाळला नाही. मला ते माझंच नापास होणं वाटायचं. शाळेत मी कधी नापास झाले नव्हते.

माघात माझ्या उजव्या थानात गाठ आली. अंग तापाने फणफणलं. गावातल्या वैद्यबोवांनी लेप दिला, आठ दिवसांनी गाठ फुटली आणि ताप उतरला. तोवर दूध आटलं होतं. डाव्या बाजूला जे थोडं होतं तेही आठवड्यात गेलं. गावातून गाईचं दूध सकाळी एकदाच यायचं आणि दुपारपर्यंत नासायचं. मुंबईहून रेवसच्या लाँचने यांनी काचेची बाटली मागवली, पण बाटलीतल्या त्या दुधाने मुलीला जुलाब लागले. तिच्या मांड्यांची कातडी सैल पडली आणि तोंड म्हाताऱ्या माणसासारखं दिसायला लागलं. रडण्याचा आवाज बारीक झाला तेव्हा मला बरं वाटलं. घरात जरा शांत झालं, एवढंच तेव्हा मनात आलं.

मिठागरावर त्या वेळी काम जोरात होतं. खाडीपलीकडच्या गावांतली आगरी माणसं हंगामाला येऊन बांधाखाली झोपड्या घालून राहत. बाया डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन आमच्या दारावरून राशीकडे जात. त्यांच्यातल्या एकीकडे माझं लक्ष गेलं. पंचविशीची असेल, उंच, काळी, हनुवटीवर गोंदलेलं. पाटी डोक्यावर, दोन्ही हात वर, आणि चोळी दोन्ही बाजूंनी ओली. मी दारात उभी होते. ते काय आहे हे मला ताबडतोब कळलं.

मी यांना सांगितलं. ते चौकीत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग म्हणाले, "तिचं मूल गेलं बारा दिवसांपूर्वी. मुकादम सांगत होता."

"मग विचारा तिला."

"आईला कळलं तर?"

"कळवायचं कशाला," मी म्हणाले.

आमच्या घरात तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, मग दूध कसं चालणार होतं? पण यांनी मुकादमाला निरोप दिला आणि दुपारच्या सुट्टीत ती आली. उंबऱ्याबाहेरच थांबली. मी आत ये म्हणाले तेव्हा आधी पाय धुतले, मग आत आली. तिच्या पायांना पोटऱ्यांपर्यंत मिठाने भेगा पडल्या होत्या. ती भिंतीला टेकून बसली आणि हात पुढे केले.

"आधी तोंड पूस तिचं," ती म्हणाली. "बाटलीचं आंबट हाय."

मी पुसलं. मुलीने पहिल्यांदा तोंड फिरवलं, मग एकदम धरलं आणि पिताना तिला ठसका लागला. ती बाई खाली बघत नव्हती. समोरच्या भिंतीवर माझा तक्ता होता, तिकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

त्या दिवसापासून ती रोज तीनदा यायची. उजाडताना कामाच्या आधी, दुपारी, आणि दिवस कलताना. पंधरा दिवसांत मुलीच्या अंगावर मांस चढलं. महिन्याने ती हसायला लागली. हसायची ती त्या बाईकडे बघून. दारात तिच्या काकणांचा आवाज आला की मुलगी मान वळवायची, हातपाय झाडायची. मी तिला मांडीवर घेतलं की तिची मान दाराकडेच. सुरुवातीला मला त्याचं काही वाटलं नाही. फाल्गुन सरता सरता वाटायला लागलं आणि जे वाटायला लागलं ते चांगलं नव्हतं. इतके दिवस मी तिच्याकडे कोरड्या डोळ्यांनी बघत होते, आणि आता दुसऱ्या बाईने तिला जवळ घेतलेलं मला बघवत नव्हतं.

एका दुपारी मी दाराला आतून कडी घातली. हे गोण्या मोजायला खालच्या आगरावर गेले होते. ती आली, दार वाजवलं. मी आतून म्हणाले, "मुलगी निजली आहे. आज नको." पण मुलगी निजलेली नव्हती. काकणं ऐकून ती रडायला लागली. मी तिला घेतलं, हलवलं, बाटली तोंडाशी धरली. तिने बाटली थुंकून टाकली. मी तिला खाली ठेवलं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. ती रडून रडून निळी पडली. मला ते ऐकू येत होतं आणि मी उठत नव्हते. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. दार वाजायचं थांबलं होतं, म्हणून मला वाटलं ती बाई निघून गेली.

शेवटी मी कडी काढली ती हवा यावी म्हणून. ती बाई समोर बांधावर उन्हात बसलेली होती. चोळी भिजून पोटापर्यंत ओघळ आले होते. ती उठली, मला बाजूला करून आत आली. पाय धुवायला थांबली नाही. मुलीला उचलून पाजायला घेतलं. मुलगी पीत होती आणि मधेच हुंदके देत होती.

"तुला पोर नको असंल तर तसं सांग," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पन दाराला कडी घालू नको."

मी खाली बसले. मग जे यांना सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. म्हटलं, "मला तिचं काही वाटतच नाही. आधीपासूनच नाही. मी आई नव्हेच."

तिने मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं. मग म्हणाली, "मला बी माज्या पोराचं काय वाटलं न्हवतं. पंधरा दिसांचा व्हता. नुसता रडायचा. मी म्हनायची, कवा गप व्हनार. वाटायला लागायच्या आदीच गेला." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आता वाटतं."

मुलगी निजली. बाईने तिला माझ्या मांडीवर ठेवलं आणि कामावर गेली. मुकादमाने तिला उशीर झाल्याबद्दल केलेली शिवीगाळ मला घरात ऐकू आली. मी बाहेर जाऊन दोन शब्द बोलू शकले असते. कारकुनाची बायको होते, त्याने ऐकलं असतं. मी गेले नाही.

त्यानंतर मी कडी घातली नाही, पण आमच्यात फार बोलणंही झालं नाही. ती यायची, पाजायची, जायची. चैत्रात एकदा तिने मला नाचणी भिजवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी ती वाटून, फडक्यातून गाळून, त्या पाण्याची पेज कशी शिजवायची ते चुलीशी न येता लांबूनच सांगितलं. "ढवळत राहा. हात थांबला की गाठी व्हतील," एवढंच म्हणाली. ती जायची तयारी करून देते आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही.

वैशाखाच्या शेवटाला राशी गवताने शाकारल्या आणि माणसं आपापल्या गावी भातशेतीला निघाली. एका दुपारी ती आली नाही. मी खाली जाऊन बघितलं तर झोपडीचे वासेसुद्धा नेलेले होते. निरोप नाही, काही नाही. मुलगी दोन दिवस दाराकडे बघून रडली. तिसऱ्या दिवशी पेज प्याली.

पावसाचे चार महिने बांधावर आम्ही तिघंच. आगरात पाणीच पाणी, गावाची वाट चिखलाची. तांदूळ, नाचणी, मीठ, कधीतरी दुधी; सुकी मासळी आम्ही खात नव्हतो. तक्ता ओल येऊन भिंतीवरून सुटला, मी तो पुन्हा लावला नाही. पुस्तकाला वाळवी लागली. बाटली फुटली तेव्हा दुसरी मागवू का असं यांनी विचारलं, मी नको म्हटलं. दिवसातून तीनदा पेज, एकदा अंघोळ, आणि उरलेला वेळ मुलगी माझ्या अंगावर किंवा चटईवर. ती रडली की मी घ्यायचे. का रडते याचा शोध घ्यायचं सोडून दिलं. हे शहाणपण होतं असं मला म्हणायचं नाही. माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

श्रावणात कधीतरी पेज ढवळताना माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी स्वतःला एकदाही दोष दिला नाही. मुलगी पाठीशी बसून चमचा जमिनीवर आपटत होती. तो आवाज मला नकोसा झाला नव्हता. एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच जड मन, तीच चूल. पण असे दिवस मधून मधून यायला लागले आणि मी त्यांना जास्त काही मागायचं नाही असं ठरवलं. आनंदाची वाट बघितली की मी हमखास खचायचे. पेज नीट शिजली एवढ्यावर थांबले तर दिवस निभायचा.

मार्गशीर्षात माणसं परत आली. मी रोज दारात उभी राहायचे. मुलगी तेव्हा धरून धरून उभी राहत होती. चौथ्या-पाचव्या दिवशी मी पाटी घेऊन चाललेल्या एकीला थांबवून विचारलं. पण विचारायचं कसं ते मला कळेना, कारण मला त्या बाईचं नाव माहीत नव्हतं. तीन महिने ती माझ्या घरात रोज तीनदा आली आणि मी तिला नाव विचारलं नव्हतं. मुकादम तिला नवऱ्याच्या नावाने हाक मारी, तेही मी कधी नीट ऐकलं नव्हतं. मी हनुवटीवरचं गोंदण सांगितलं, गेल्या वर्षी मूल गेलेली असं सांगितलं.

"ती व्हय," बाई म्हणाली. "ती भादव्यात गेली. हिवताप झाला व्हता. तीन दिसांत गेली."

पाटी जड होती, ती पुढे निघून गेली.

मी घरात आले. मुलीला पोटाशी धरून रडले असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी भांडी घासायला घेतली. सगळी घासली, स्वच्छ होती तीही. हे दुपारी आले तेव्हा त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे," आणि पान मांडायची वाट बघत बसले. सासूबाईंना आम्ही कधीच कळवलं नाही. मुलीला मी पुढे सांगेन असं मनाशी धरलं होतं, तेही राहून गेलं. तिला स्वतःला मुलं झाली, मी बाळंतपणं केली, तरी सांगितलं नाही. काय सांगायचं होतं? मी दार लावून घेतलं होतं, तेही सांगावं लागलं असतं.

त्या दुपारी यांचं जेवण झाल्यावर मी नाचणीची पेज निवायला ठेवली. मुलगी येऊन माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि वाटीत हात घालायला लागली. पेज अजून गरम होती. मी तिचा हात बाजूला धरून ठेवला आणि फुंकर घालत बसले.