राणीची दाढी

माझ्या मामांचं गाव रामटेकच्या पुढे, धानाच्या शेतांमध्ये आहे. भाऊबीज झाली की त्या भागात गावोगावी मंडई भरते. पाळणे येतात, मिठाईची दुकानं लागतात, लेकी-जावयांनी घरं भरतात आणि भर दुपारी चौकात दंडार होते. दंडार म्हणजे आमच्याकडचं गाण्याबजावण्याचं नाटक. त्यात सगळी कामं पुरुषच करतात, बायकांचीसुद्धा. वनवासात धाडलेल्या राणीचं काम वर्षानुवर्षं माझे मामा करत आले. मी त्यांचा भाचा, नागपूरला प्रताप नगरात राहणारा, विम्याच्या कचेरीत नोकरी करणारा, आणि गळ्याने बरा. एवढ्याच भांडवलावर मामांचा मला फोन आला.

"भाचे, यंदा राणीचं काम तुले करा लागते."

"काहून मामा? तुमचं काय झालं?"

"गुडघे गेले ना गा. राणी रडाले खाली बसली का मंग उठतच नाही."

मी हो म्हणालो. विचारसुद्धा केला नाही. कचेरीत मला कोणी गायला सांगत नाही आणि घरात मी गायला लागलो की बायको कुकर लावते. फोन ठेवता ठेवता मामा म्हणाले, "अन् ते दाढी काढा लागन. दाढीवाल्या राणीसाठी कोण रडन?"

लोकांना वाटायचं, दाढी हा माझा शौक आहे. तसं नव्हतं. माझ्या दाढीचे केस राठ आणि कुरळे. कापले की टोकं वळून परत कातडीत शिरतात आणि गळाभर लाल पुटकुळ्या उठतात. कॉलेज संपताना मी हात टेकले होते आणि दाढी वाढू दिली होती. त्यानंतर कोणी माझी हनुवटी पाहिली नव्हती. बायकोनेही नाही.

पहिली दाढी केली ती घाईने. पाच ब्लेडचं प्लास्टिकचं रेझर, डब्यातला फेस, गार पाणी. बाहेर आलो तर बायको कापड बेतत बसली होती. ती घरी ब्लाउज शिवते. तिने मान वर केली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"तुमची हनुवटी अशी आहे होय," ती म्हणाली. "बरी आहे की."

त्याच आठवड्यात गळ्याचं जे व्हायचं ते झालं. रविवारी तालमीला गेलो. मामांनी रंगपटाचा सफेदा, म्हणजे तोंडाला फासायची पांढरी भुकटी, खोबरेल तेलात कालवून माझ्या गळ्याला लावून पाहिला आणि मिरचीचा ठेचा चोळावा तशी आग झाली. मंत्र्याचं काम करणारा गडी जवळ येऊन पाहून गेला. गेला तो हसतच.

मामा म्हणाले, "दोन हातांवर लोक बसते, भाचे. मंडई दिवसाची असते. उजेडात सारं दिसते. मी तर खालून वरते, उलटा हात मारत होतो. गाल कसा गुळगुळीत लागे. तूही तसाच मार. नाही जमलं तर मंत्र्याचं काम घे. त्याले दाढी चालते."

मंत्र्याला एकही गाणं नव्हतं. परत येताना मोटरसायकलवर गळ्याला वारा झोंबत होता आणि मी मनाशी ठरवत होतो, राणी मीच करणार.

मामांचं ऐकून उलटा हात मारून पाहिला. गळा आणखी बिघडला. बायकोने बंद गळ्याचा ब्लाउज शिवून देते म्हटलं. मी नको म्हणालो. मग तिने मला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "दोन-तीन दिवस हात लावू नका. खुंट वाढू द्या."

खुंट वाढल्यावर तिने कापसाचा बोळा घेतला आणि माझ्या गालावरून, हनुवटीखालून, कानामागून फिरवून पाहिला. सुलट बाजूने बोळा घसरायचा, उलट बाजूने तंतू अडकायचे.

"मखमल कापताना लव कुठे वळली ते पाहावं लागतं," ती म्हणाली. "तुमच्या गालाचे केस खाली जातात. गळ्याचे डावीकडे चालले. आणि इथं, कंठमण्याच्या बाजूला, भोवरा आहे. तुम्ही या सगळ्यावरून एकच हात मारून राहिले."

काजळाच्या पेन्सिलीने तिने माझ्या चेहऱ्यावर बाण काढले. तेवढ्यात सिलिंडरवाला आला. दार मीच उघडलं. त्याने सिलिंडर आत ठेवला, माझी सही घेतली आणि जिना उतरताना दोनदा मागे वळून पाहिलं. मी आरशात पाहून त्या चेहऱ्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला. तो माझा नकाशा होता.

आता हत्यार. पाच ब्लेडचं रेझर केस ओढून कातडीच्या खाली कापतं आणि माझ्यासारख्याचा केस तिथूनच आत वळतो, हे मी वाचून काढलं होतं. मला एकच ब्लेडचं, जुन्या पद्धतीचं, धातूचं रेझर हवं होतं. सीताबर्डीला एका बोळातल्या दुकानात ते मिळालं. दुकानदाराने सगळ्यात जड होतं ते हातात दिलं. "ये लो साहब, एक हाथ में साफ."

एका हातात साफ झालं खरं, पण सोबत कानाखालची कातडीही गेली. त्याच्या दात्यांमधून ब्लेड फार बाहेर येत होतं. पुढच्या शनिवारी मी पुन्हा त्याच दुकानात गेलो आणि ब्लेड कमी बाहेर येतं असं सौम्य रेझर मागितलं.

"वो तो नए लोगों का है, साहब."

"मी नवाच आहे भाऊ," मी म्हणालो.

तो हसला आणि त्याने आतून एक साधं, आखूड दांडीचं रेझर काढून दिलं. सोबत निरनिराळ्या ब्लेडची पाकिटं घेतली. मला वाटलं होतं, नाजूक गळ्याला मऊ ब्लेड चांगलं. उलटंच निघालं. मऊ ब्लेड माझ्या राठ केसांना अडखळायचं. सगळ्यात धारदार होतं तेच अलगद गेलं. ब्रशचंही तसंच. डुकराच्या केसांचा ब्रश ओला झाला की असा वास यायचा की बायकोने तो गॅलरीत ठेवायला लावला. शेवटी कृत्रिम धाग्यांचा, मऊ ब्रश घेतला.

फेस मात्र होईना. साबण बदलला, क्रीम बदललं. वाटीत ब्रश घोळवून हात दुखायचा आणि तोंडाला लावला की फेस विरून जायचा. एका सकाळी चहा करता करता भांड्याच्या बुडाशी जमलेला पांढरा थर दिसला आणि डोक्यात आलं. आमच्या इमारतीला बोअरचं पाणी. त्या जड पाण्यात कपड्यांच्या साबणाला फेस येत नाही, तर दाढीच्या कुठून येणार? फिल्टरचं पाणी गरम केलं, स्टीलच्या वाटीत घेतलं, क्रीम टाकून ब्रश फिरवला. दह्यासारखा दाट फेस वर आला. मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात दाखवायला गेलो. बायको म्हणाली, "हे काय श्रीखंड झालं का?"

मग खरी शिकायला सुरुवात झाली. आंघोळ करून आधी केस मऊ करायचे. दांडी गालापासून दूर धरायची, म्हणजे ब्लेड कातडीत रुतत नाही, नुसतं टेकतं. जोर लावायचा नाही, रेझरचं वजनच काम करतं. हे शेवटचं जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण प्लास्टिकच्या रेझरला दाबायची सवय हाताला लागलेली होती. गळ्याची कातडी ताणायची नाही. आखूड आखूड हात मारायचे आणि दर हातानंतर रेझर धुवायचं. ब्लेड बरोबर कोनात असलं की गवत कापल्यासारखा बारीक आवाज येतो. पंखा बंद करून मी तो आवाज ऐकायचो. आवाज थांबला की कोन चुकला. शेवटी गार पाणी आणि ओल्या तुरटीचा खडा.

एकदा बाणांच्या दिशेने दाढी करायची, दुसऱ्यांदा फेस लावून आडवी. उलटी गळ्यावर कधीच नाही. त्यामुळे गाल मामांच्या गालाइतका गुळगुळीत व्हायचा नाही. पण दुसऱ्या दिवशी गळ्याला हात लावला तर आग नाही, आणि आठवड्याने पाहिलं तर एकही नवी पुटकुळी नाही. जुने डाग हळूहळू फिके पडत गेले. दसरा झाल्यावर एकदा आरशासमोर मी मान वर केली आणि गळा नुसता गळा होता. मी तिथेच राणीचं पहिलं गाणं म्हटलं. बाहेर कुकर लागला नाही.

दिवाळीआधीच्या तालमीला मामांनी मला उजेडात उभं केलं, हनुवटीला बोट लावून मान इकडे तिकडे वळवली.

"उलटा हात मारला ना गा?"

"नाही मामा. सुलटाच."

"मंग हे कसं काय?"

मी मोबाईलमधला बाण काढलेला फोटो दाखवला. मामांनी एकेका बाणावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "सूनबाईनं तुले बेतला म्हणा की." आणि स्वतःच सफेदा कालवायला बसले.

मंडईच्या दिवशी ऊन होतं. बायकोने शिवलेला ब्लाउज मोठ्या गळ्याचा होता, तिने मुद्दामच तसा शिवला होता. चौकात सतरंजीवर बायका-पोरं अगदी पायापर्यंत येऊन बसली होती. राजाने राणीला हाकललं, मी खाली बसलो, मान मागे टाकली आणि वनवासाचं गाणं धरलं. सफेद्याखाली जरासुद्धा आग नव्हती. गळा माझा होता आणि माझ्या ताब्यात होता. वरचा सूर लागला आणि तिथेच थांबला. ढोलकीवाल्याने माझ्याकडे पाहून हात हलका केला. समोरच्या दोन म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावत होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "कोणाची बाई आहे वं हे? आपल्या गावची नाही वाटत."

मागे मामा खाटेवर बसले होते. ते ऐकून त्यांनी मंत्र्याच्या पाठीवर थाप मारली.

दंडार संपली तेव्हा शेजारच्या गावची माणसं मामांना भेटायला आली. त्यांची मंडई दुसऱ्या दिवशी होती. त्यांना हीच दंडार हवी होती आणि हीच राणी. मामांनी माझ्याकडे पाहिलं. लागोपाठ दोन दिवस दाढी. पूर्वी मी या विचारानेच घरी पळालो असतो.

"भाचे, जमन का?"

"जमते ना मामा."

सकाळी मामांच्या अंगणात चुलीवर पाणी तापलं. विहिरीचं पाणी गोड होतं, फेस तर आमच्या फिल्टरच्या पाण्यापेक्षाही दाट आला. मी बाजेवर आरसा टेकवला आणि सावकाश, आखूड हाताने, बाणांच्या दिशेने सुरुवात केली. मामी, मामा आणि माझी बायको असे तिघे ओट्यावर चहा पीत पाहत होते. रक्ताचा एक थेंब नाही. तुरटी फिरवली तरी झोंबलं नाही. मी टॉवेलने तोंड पुसून वळलो तेव्हा मामी म्हणाल्या, "राणी तयार झाली." दुपारी मी लुगडं नेसून, पदर खोचून, शेजारच्या गावच्या मंडईला निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभा राहिलो. गावची पोरं ओरडत मागे धावत होती आणि रस्ताभर, दोन्ही बाजूंच्या धानाला ऐकू जाईल अशा आवाजात, मी गात होतो.