गुरुजींच्या मॉरिसचे दिवे

जुनी गाडी असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. रिसोडला शेरूभाईंच्या गॅरेजात आम्ही चार रिकामटेकडे संध्याकाळी चहाला जमतो. यंदा सगळ्या गप्पा एकाच गाडीभोवती फिरल्या. आमच्या रिटायर्ड गुरुजींची, त्यांच्याहून वयानं मोठी मॉरिस, आणि तिचे ठार आंधळे हेडलाइट!

खरा घोर होता तो काकूंचा. गुरुजींच्या या सौभाग्यवतींनी साफ सांगून टाकलं होतं, "जिले समोरचं दिसत नाही, त्या गाडीत मी बसत नाही." माहेरी कामरगावला त्या एसटीनं जायच्या. परतल्या की गुरुजी स्टँडवर मॉरिसचं दार उघडून उभे, आणि काकू शेजारच्या ऑटोत! गुरुजींचा चेहरा बघवत नसे. एकदा शेरूभाईंना म्हणाले, "एकडाव ती माह्या बाजूले बसली पायजे. मंग गाडी भंगारात गेली तरी चालते."

*

दिवे खोलले. आतल्या वाट्या काळ्या पडलेल्या. शेरूभाई नमाजाला गेले तेवढ्यात गुरुजींनी चिंच आणि राख घेऊन एक वाटी घासून काढली. उरलीसुरली चांदी गेली, खालचं पितळ लखलखलं. गुरुजी खूश. "पाहा, अस्सल माल हाये."

शेरूभाई मटकन खाली बसले. "गुरुजी, चांदीच तं उजेड फेकते. आता याच्यात वरण वाढा."

*

वाट्या अकोल्याला चांदीचं पाणी चढवायला नेल्या. तिथला कारागीर देवळातल्या वस्तूंचं काम करणारा. त्यानं हात जोडून विचारलं, "कोन्या देवाचं हाये?"

"देवाचं नाही, बायकोचं हाये," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. "पण कोप तेवढाच."

त्यानं बाकीची कामं बाजूला सारून वाट्या त्याच दिवशी करून दिल्या.

*

एक काच फुटकी होती. आसेगावला तशाच गोल दिव्यांची एक गाडी भंगारात निघाल्याचं कळलं. गेलो तर गाडी कधीच कापून नेलेली, आणि काच त्या घरच्या आजीच्या दह्याच्या गाडग्यावर झाकण! गुरुजींनी नवं स्टीलचं झाकण पुढं केलं.

"पहिले याच्याखाली दही लागू द्या," आजी म्हणाली. "मंग काच."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आसेगाव. आजीनं आम्हाला वाटी वाटी दही खाऊ घातलं. "लागलं ना, आजी?" गुरुजींनी भीत भीत विचारलं.

"लागलं. पण तुमाले काचेची एवढी घाई काहून?"

गुरुजींनी खरं कारण सांगितलं. आजीनं काच पुसून दिलीच, वर काकूंसाठी दह्याचं गाडगंही दिलं. फार गोड बाई.

*

दिवे बसले. पहिल्यांदा लावले तर एक रस्त्यावर आणि दुसरा समोरच्या गच्चीवर. तिथं कुटुंब जेवायला बसलेलं. वरून शांत आवाज आला, "शेरूभाई, भाजी वांग्याची हाये. पाहून झालं असन तं दिवा खाली घ्या."

*

आणि परवा दिवेलागणीला गाडी गुरुजींच्या दारात उभी केली. उजेड पार गल्लीच्या टोकापर्यंत. गुरुजी नवा शर्ट घालून डावीकडचं दार धरून उभे. आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला.

काकू बाहेर आल्या. दिव्यांपुढं उभं राहून नीट पाहिलं. मग पदर खोचला, गाडीला वळसा घातला आणि उजव्या दारानं आत शिरून स्टिअरिंगपुढं बसल्या.

"चाबी द्या," त्या गुरुजींना म्हणाल्या. "आन उभे काहून? बसा ना."

गुरुजी बसले. गाडी एकही झटका न देता निघाली. समोरून ट्रॅक्टर आला. या गाडीचा दिवे खाली-वर करायचा डिपर क्लचशेजारी, पायाखाली असतो. नवख्याला तो सापडत नाही. दिवे चटकन खाली झाले, ट्रॅक्टर गेला, दिवे पुन्हा वर. गाडी वाशीमच्या रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी चहाला आले. आम्ही सगळ्यांनी एकदमच विचारलं, "काकू गाडी कधी शिकल्या?"

गुरुजींनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली.

"दिवे बेस झाले, शेरूभाई," म्हणाले. "डाव्या बाजूनं सारा रस्ता दिसते."