उलट्या मास्तरांची पायरी

सगळे त्यांना उलटे मास्तर म्हणत. मास्तरकी त्यांनी जन्मात केली नव्हती. विद्यापीठाच्या शहरातली जुनी चर्चं ते पाहुण्यांना पायी फिरवून दाखवत, आणि तेही लोकांकडे तोंड करून, उलटं चालत. एकतीस वर्षांत एकाही खांबावर आदळले नाहीत, हे त्या खांबांचं नशीब.

त्या सकाळी धुकं इतकं की चर्चचे मनोरे नुसतेच वर तरंगत होते आणि घंटा नेमकी कुठे वाजतेय तेच कळत नव्हतं. घोळक्यात मास्तरांची मुलगीही होती. ती विद्यापीठात इतिहास शिकवायची. नव्या नियमाप्रमाणे बिनपुराव्याचं सांगणाऱ्या वाटाड्याचा परवाना जाणार होता, आणि तपासणीचं काम नेमकं तिच्याच गळ्यात पडलं होतं.

बायबल छापायची जुनी खोली झाली, रंगीत काचांच्या खिडक्या झाल्या. मास्तर एक शब्द इकडचा तिकडे करत नव्हते. मग कॉलेजच्या चॅपलची ती पायरी आली, एकाच बाजूने झिजलेली. पहिल्याच वर्षी कुणीतरी विचारलं होतं, ही अशी का झिजली? ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी दिलं ठोकून: धर्मप्रचाराला जहाजाने गेलेल्या मुलाची वाट बघत एक आई रोज इथे बसायची. तेव्हापासून लोक तिथे बसून डोळे पुसत, आणि मास्तरांना ते फार आवडे, खोटं कशाला बोला.

आज पायरी गाळायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पण घोळक्यातल्या एक म्हाताऱ्या बाई आधीच जाऊन तिथे बसल्या.

"माझ्या बहिणीने ऐकली होती तुमची गोष्ट," त्या म्हणाल्या. "माझाही मुलगा असाच लांब गेलाय. सहा वर्षं झाली, पत्र नाही. एवढंच विचारायला आले. त्या आईचा आला का हो परत?"

एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. काहीबाही बोलून वेळ मारून नेता आली असती. पण बाईंच्या तोंडाकडे बघून त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"बाई, ती आई नव्हतीच. मीच रचली ती."

मास्तरांनी गळ्यातला परवाना काढून मुलीच्या हातात दिला. तिनेही तो घेतला.

बाईंनी दगडावरून हात फिरवला.

"म्हणजे सगळं तुमच्याच हातात आहे की," त्या म्हणाल्या. "मग आणा ना त्याला परत."

मास्तर त्यांच्या शेजारी टेकले.

"संध्याकाळी आला," ते म्हणाले. "आईने आधी ओळखलंच नाही. दाढी केवढी वाढलेली."

"वाढणारच," बाई म्हणाल्या. "लहानपणापासूनच आळशी आहे तो."