अक्कांसाठी मी निवडलेली हार्ड डिस्क

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्याशी सगळं बोलतो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि मध्येच "जाऊ दे रे, तू मुद्दाम थोडंच केलंस" असं म्हणणार नाही. त्या वाक्याची मला चीड आहे.

गोष्ट एका हार्ड डिस्कची आहे. हसलात? हसा. मीही ती बरीच वर्षं हसत हसत सांगितली आहे—त्या काळी काय एकेक खोकी मिळायची वगैरे. पण सांगितली ती अर्धीच.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध. मी पुण्याहून बंगळूरला नोकरीला आलो आणि बसवनगुडीत एका घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहू लागलो. खाली घरमालक गुरुराव आणि त्यांची बायको. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, मीही म्हणू लागलो. मूळच्या धारवाडकडच्या, मराठी घरातल्या. बोलणं आपलंच, मध्ये मध्ये कानडी—'स्वल्प थांब', आणि 'बरं, बरं'ऐवजी 'सरी, सरी'.

तेव्हा तिथल्या मराठी मंडळींत एक पद्धतच होती. पुण्या-मुंबईहून आलेला, कंपनीत काम करणारा कोणीही पोरगा म्हणजे कॉम्प्युटरचा डॉक्टर. कोणाचा प्रिंटर अडला—बोलवा शिरीषला. आणि शिरीष जायचा, चकल्या खायचा, अक्कल पाजळायचा. खरं काय होतं? मी परदेशातल्या एका बँकेच्या अवाढव्य यंत्रावर चालणारे प्रोग्राम दुरुस्त करत होतो. ते यंत्र मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आमच्या कामाची नक्कल रोज टेपवर काढून ठेवायला निराळी माणसं होती. ती काढावी लागते हे ठाऊक होतं, पण माझ्या हाताने मी ती एकदाही काढली नव्हती. घरच्या कॉम्प्युटरचं तर झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. हे सांगायला काय झालं होतं मला? 'मला माहीत नाही'—तीन शब्द! तेवढे तोंडातून निघाले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

अक्कांचं काम सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला कळणार नाही काय गेलं ते. त्या कसूती करायच्या. इरकली लुगड्यांवर धागे मोजून काढतात ते भरतकाम—गोपुरं, रथ, अंबारीचे हत्ती, तुळशीवृंदावनं. धारवाडकडच्या खेड्यांतून म्हाताऱ्यांची जुनी लुगडी त्या मागून आणायच्या, आणि त्यांवरची नक्षी मुलीने घेऊन दिलेल्या कॉम्प्युटरवर एकेक चौकोन भरून उतरवायच्या. एक टाका, एक चौकोन. अंबारीच्या हत्तीला तर आठवडा लागायचा. मग लुगडं परत. परत गेलेली कित्येक पुढे गोधडीत गेली, कित्येक बोहारणीच्या गाठोड्यात. म्हणजे ती नक्षी जगात कुठे उरली, तर अक्कांच्या कॉम्प्युटरमध्ये. चार वर्षांत चारशेच्या वर जमली होती. "हे पुस्तक होणार बघ," म्हणायच्या. आणि चारशे नक्ष्या आणि लुगड्यांचे फोटो मिळून तो कॉम्प्युटर गच्च भरला.

बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्यावी असं मीच सुचवलं. आम्ही दोघं शिवाजीनगरला गेलो—पुण्याच्या नव्हे, बंगळूरच्या. बसस्टँडमागे एक दुकान होतं, वयस्क, शांत माणूस. त्याने दोन डबे समोर ठेवले. एक जाडजूड, लोखंडी, मंद—पण त्याने बरेच विकलेले, बिघडला तर तिथेच दुरुस्त करून देणार. दुसरा चपटा, देखणा, नुकताच आलेला आणि दुप्पट वेगाचा. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. अक्कांना विचारलं, "जल्दी चलनेवाला होना, या टिकनेवाला होना?"

अक्का लगेच म्हणाल्या, "टिकणारा. मला कसली घाई?"

ऐकलंत? त्यांनी बरोबर उत्तर दिलं होतं. ज्या बाईला हार्ड डिस्क म्हणजे काय हे तासाभरापूर्वी कळलं होतं, तिने बरोबर उत्तर दिलं होतं. आणि मी—मी हसलो. त्या दुकानदारासमोर मला अडाणी ठरायचं नव्हतं. मासिकात कुठेतरी वाचलेले दोन आकडे तोंडावर फेकले आणि चपटा डबा घेतला. दुकानदार म्हणाला, "आपकी मर्जी, साब." मला तो तेव्हा खवचट वाटला. त्याने फक्त खरं सांगितलं होतं.

घरी येऊन डबा जोडला; केबल कशी लावायची-काढायची याबद्दल अक्कांना एक शब्दही सांगितला नाही. आणि अक्कांच्या सगळ्या फाइली मी त्यात हलवल्या. नक्कल नाही काढली—हलवल्या. तिकडे घातल्या, इकडच्या पुसल्या. जुन्या काही फ्लॉप्यांवर पहिल्या नक्ष्या होत्या, त्याही "आता कशाला हव्यात?" म्हणून कोऱ्या करून दिल्या. अक्कांनी विचारलं होतं, "इथे पण एक राहू दे की रे?" मी म्हटलं, मग जागा कशी होणार? त्या म्हणाल्या, "सरी."

दोन महिने झाले नाहीत तोच एका रविवारी सकाळी खालून हाक आली. डबा टकटक आवाज करत होता, आणि आत काहीच दिसत नव्हतं. अक्का, गुरुराव, माहेरी आलेली त्यांची मुलगी, सगळी माझ्या तोंडाकडे बघत उभी. माझी पाचावर धारण बसली. आणि त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघावं?

"अक्का, चालू असताना केबल काढली होतीत का?"

त्या गोंधळल्या. शेजारी झाडताना एकदा हलली असेल, म्हणाल्या. वीज गेली होती तेव्हा ओढली गेली असेल बहुतेक. पंचावन्न वर्षांची, प्रामाणिक बाई, आठवायचा प्रयत्न करत होती. मी मान हलवली. "मग त्यानेच." झालं! गुरुरावांना त्या कॉम्प्युटरचं पहिल्यापासून वावडं होतं. ते एवढंच म्हणाले, "हे बायकांचं काम नव्हे, सांगितलं होतं." आणि पेपर उचलला. मुलगी म्हणाली, "अम्मा, असं कसं केलंस तू?"

इथवर भित्रेपणा म्हणा. पुढचं त्याहून वाईट आहे.

मी तो डबा घेऊन शिवाजीनगरला गेलो. त्या माणसाने तो कानाशी धरला, आणि खाली ठेवला. आतला काटा तबकडीवर घासला आहे, म्हणाला, काही निघणार नाही. याच मालातले आणखी तीन परत आलेत. मी विचारलं—केबल ओढल्याने होतं का असं? तो म्हणाला, नाही साब, माल ही खराब है.

म्हणजे मला कळलं होतं. पक्कं कळलं होतं. शिवाजीनगर ते बसवनगुडी, बसमध्ये पाऊण तास मी ते मांडीवर घेऊन बसलो होतो. घरी आलो. अक्का दारातच होत्या. "काय म्हणाला?"

मी म्हणालो, "दुकानदारही तेच म्हणतो. केबल."

का? का म्हणून? घर सुटलं नसतं, नोकरी गेली नसती, कोणी मला मारलंही नसतं. चार दिवस तिथल्या मराठी मंडळींत माझी किंमत उतरली असती, बस. तेवढ्यासाठी मी त्या बाईच्या चार वर्षांचं खापर तिच्याच डोक्यावर फोडलं. आणि तिने ते निमूट घेतलं, वर मला म्हणाली, "तुला उगाच हेलपाटा पडला रे."

अक्कांनी परत कॉम्प्युटर लावला नाही. त्यावर कापड टाकलं, पुढे कोणाला तरी देऊन टाकला. खेड्यांत परत जा, लुगडी शोधा असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "माझ्या हाताला गुण नाही." मी हे ऐकलं आणि जेवलो. त्यांच्याच घरी, त्यांनीच वाढलेलं.

अक्का अजून आहेत. ऐंशीच्या पुढे गेल्या, नजर जवळजवळ गेली आहे, आता धागे मोजणं शक्य नाही. मी अधूनमधून जातो. मागच्या रविवारी गेलो, तेव्हा त्यांची नात लॅपटॉपला काहीतरी जोडून फोटो घेत होती. वायरीचा आवाज ऐकून अक्का पलंगावरून म्हणाल्या, "नीट काढ गं. मी एकदा घाई केली आणि सगळं घालवलं. विचार याला, याने मला बजावलं होतं."

नातीने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "हो."