मोरी काढली तेव्हा

अर्नाळ्याच्या किल्ल्यातल्या कालिकामातेची शपथ घेऊन सांगतो, पुढे जे लिहिलंय त्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. देवी मला लहानपणापासून ओळखते, त्यामुळे एखादा शब्द इकडचा तिकडे झालाच तर ती समजून घेईल. दोन-तीन म्हणा. बरं, एक अख्खा किस्सा खोटा आहे. कुठला, ते शेवटी सांगतो.

घराचं काम काढलं की घरात दोन गोष्टी साठतात, राबिट आणि किस्से. राबिट म्हणजे फोडलेल्या लाद्या-भिंतींचा ढिगारा. तो उचलायला टेम्पो येतो. किस्से कोण उचलणार? ते तिथेच पडून राहतात आणि येता-जाता पायाला टोचतात.

आम्ही बोळिंजला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. माझी आई अर्नाळ्याला, थोरल्या भावाकडे. आई कोळीण. जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन मासे विकले. आता गुडघे कुरकुरायला लागले म्हणून पाटी सुटली, पण अधूनमधून रिक्षात बसून आमच्याकडे यायची, मांडीवर मासळीची टोपली. आली की थेट किचनच्या कोपऱ्यातल्या मोरीत. हातभर जागा, खाली काळा दगड, बाजूला बुटका कट्टा आणि एक नळ. तिथे पाट टाकून बसायची, विळी पायाखाली दाबायची आणि मासे साफ करता करता वंदनाला, म्हणजे माझ्या बायकोला, अख्ख्या अर्नाळ्याच्या बातम्या द्यायची. कोणाची होडी, कोणाची सून, सगळं. एवढ्या गप्पा वंदनाने माझ्याशी कधी मारल्या नाहीत!

एक दिवस आई म्हणाली, "आता तुज्याकडंच येते रे. कायमची."

म्हणून आम्ही घर नवं करायला काढलं. आईसाठी. हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी विसरायचा प्रयत्न करतोय.

* * *

कॉन्ट्रॅक्टर म्हणून आम्हाला भेटला पास्कू मेस्त्री. जवळच्याच वाडीतला, गळ्यात क्रूस, कानावर पेन्सिल, आणि कशालाही नाही न म्हणणारा.

"काम कधी होईल, पास्कू?"

"गणपतीच्या आत देतो."

मे महिन्यात काम सुरू झालं आणि पास्कूच्या चुलतभावाचं लग्न निघालं. त्यांच्या वाडीतलं लग्न एका दिवसात आटपत नाही, आणि पास्कूशिवाय तर ते हलतच नाही. तो परतला तेव्हा टाइल लावणारे ईदेला गावी गेले. ते आले तर सुतार राजस्थानला, कुठल्याशा मावशीच्या तेराव्याला. रंगारी तळकोकणातला, तो गणपतीच्या पंधरा दिवस आधीच गायब!

वंदना हॉलमध्ये सिमेंटच्या गोणीवर बसून म्हणाली, "आपली लादी सर्वधर्मसमभावाने अर्धवट आहे!"

मी पास्कूला फोन केला. "अरे, गणपती आले! तू म्हणाला होतास गणपतीच्या आत!"

"दिलीपभाऊ," तो शांतपणे म्हणाला, "गणपती काय, दरवर्षी येतात."

* * *

आमची डिझायनर एक तरुण मॅडम होती, अंधेरीची. तिने लॅपटॉपवर आमच्या घराचं थ्रीडी चित्र दाखवलं. पांढरं किचन, पांढरा ओटा, काचेच्या भांड्यात हिरवी सफरचंदं आणि ओट्याला टेकून हसत उभी असलेली एक गोरी बाई.

आई नेमकी त्या दिवशी आलेली. चष्मा सरसावून बघत राहिली.

"ही कोन?"

"कोणी नाही, आई. चित्र आहे."

"मग हिला कामधंदा नाय? नुसती टेकून उभी?" मग बोट स्क्रीनवर ठेवून म्हणाली, "आनि हिचं पानी कुठनं जातं?"

मॅडमने कौतुकाने सांगितलं, "आजी, सिंक आहे ना, हे बघा. आणि हा तुमचा कॉर्नर." तिने आईसाठी खास कोपरा काढला होता. आरामखुर्ची, तिच्यावर वाकलेला दिवा, शेजारी पुस्तकांची मांडणी. आई अंगठा उठवते!

"छान हाय," आई म्हणाली. "दवाखान्यात बसल्यासारकं वाटेल."

आम्ही सगळे खूप हसलो. तीही हसली. मोरी त्या चित्रात नव्हती. आम्ही धरून चाललो की चित्रात मोरी कशाला दाखवतील, ती असणारच. आईने काय धरलं, ते कोणी विचारलं नाही.

* * *

लाद्या बघायला वालीवकडच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. आईला मुद्दाम नेलं. सेल्समन टायवाला, एकेका लादीवरून हात असा फिरवायचा की जणू मांजरच कुरवाळतोय. "सर, ये आयव्हरी. ये पर्ल. ये स्नो." मला तिन्ही पांढऱ्या दिसत होत्या. वंदनाला त्यांत एवढा फरक दिसत होता की पर्ल-स्नोवरून आमचं तिथेच भांडण झालं. शेवटी सेल्समन घाबरून म्हणाला, "मॅडम, दोन्ही बॉक्स एकाच लादीचे आहेत. लेबल चुकून लागलंय."

तेवढ्यात मागे पाणी सांडल्याचा आवाज आला.

आईने पिशवीतली बाटली उघडली होती. जमिनीवर लावलेल्या नमुन्याच्या लादीवर पाणी ओतलं, चपला काढल्या आणि ओल्या पायाने हळूहळू चालून बघायला लागली.

"अरे आजी, ये क्या!" म्हणत सेल्समन धावला. बूट घालून धावला. पुढचं मी सांगत नाही, त्यालाही घरदार आहे. एवढंच सांगतो की तो आडवा गेला तो थेट बाथटबपर्यंत, आणि टाय मागे राहिला!

आईने त्याला हात देऊन उठवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ही नको घेऊस."

आम्ही तीच घेतली. थ्रीडीत तीच होती ना.

* * *

एका सकाळी दारात खालच्या मजल्यावरचे सावेकाका उभे. हातात उघडी छत्री. बाहेर कडक ऊन.

"काका, छत्री?"

"घरात पाऊस पडतोय," काका म्हणाले. "बाहेर ठीक आहे!"

किचन फोडताना कामगारांनी मोरीखालचं वॉटरप्रूफिंग उखडलं होतं आणि पाणी थेट काकांच्या देवघरावर टपकत होतं. काका तसे देवमाणूस. म्हणाले, "अभिषेक चालू आहे, पण आता देवाला सर्दी होईल."

मग आमच्या किचनमध्ये मीटिंग बसली. सोसायटीचा सेक्रेटरी, सावेकाका, पास्कू, मॅडम, आम्ही दोघं. सेक्रेटरी म्हणाला, "गळतीचं मूळ मोरी. काढूनच टाका." मॅडम म्हणाली, "डिझाइनमध्ये नाहीच आहे." पास्कू म्हणाला, "काढायची तर काढू." वंदना माझ्याकडे बघत होती, मी सावेकाकांकडे बघत होतो, आणि सावेकाका छताकडे बघत होते.

मीटिंगला सगळे होते. जिची मोरी होती ती तेवढी अर्नाळ्याला होती.

दुपारपर्यंत त्या जागी वॉशिंग मशीनचा पॉइंट निघाला.

* * *

किचन तयार झालं. ट्रॉल्या अशा की बोट लावलं तरी सरकतात, आणि बंद होताना आवाज नाही. आठवड्यात एक मोठी ट्रॉली रुळावरून निखळून खाली आली. धाडकन! सावेकाका पुन्हा वर, या वेळी हेल्मेट घालून!

मॅडम तपासायला आली. "काय ठेवलं होतं एवढं वजन?"

"पाणी," वंदना म्हणाली.

"पाणी?"

"हंडा, दोन कळश्या, तीन पातेली, झाकण लावून. बाकीच्या ट्रॉल्यांतही आहे."

मॅडमने एकेक ट्रॉली उघडली. प्रत्येकीत संथ, निर्मळ पाणी. "अहो, पाणी कोण ट्रॉलीत भरतं?"

"तुमच्याकडे नळाला कधी येतं?"

"कधी म्हणजे? येतंच असतं."

वंदना माझ्याकडे वळली. "ऐकलंस? म्हणून पिंप ठेवायला जागा नाही काढली हिने!"

* * *

आणि मग आई आली. कायमची. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात टोपली. पापलेटं, थोडी कोळंबी, भावाने पहाटे खास निवडून दिलेली.

"घर बगू दे," म्हणत आत आली. चार पावलांत तिची चाल बदलली. नव्या लादीवर ती पाय असा टाकत होती, जसा भरतीच्या वेळी जेट्टीच्या शेवाळावर टाकतात. मी तिचा हात धरला. ती कधी हात धरू देत नाही. त्या दिवशी दिला.

किचनमध्ये आली. कोपऱ्यात बघितलं. तिथे वॉशिंग मशीन.

टोपली ओट्यावर ठेवली. वंदनाने टोपलीखाली वर्तमानपत्र सारलं. मग त्याखाली आणखी एक. पांढऱ्या दगडावर डाग पडला तर जात नाही, असं आम्हाला बजावलेलं. आई ते सारणं बघत होती.

"आई, उद्यापासून आपण बाजारातूनच कापून आणू ना," वंदना म्हणाली. अगदी प्रेमाने म्हणाली.

"हां," आई म्हणाली.

थोड्या वेळाने आई दिसेना. हॉलमध्ये नाही, तिच्या त्या दवाखान्याच्या खुर्चीत नाही. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता, दार उघडं होतं. आम्ही दोघं आत गेलो.

शॉवरसाठी मॅडमने काचेची केबिन करून घेतली होती. आई त्या केबिनमध्ये पाट टाकून बसलेली. पुढ्यात विळी, मांडीशी टोपली, वरून शॉवरची बारीक धार. काचेवर खवले उडत होते. आई मान खाली घालून पापलेट साफ करत होती.

मला हसू आलं. वंदनालाही आलं. आईने वर बघितलं आणि तीसुद्धा हसली.

"लोकं मासे ठेवतात काचेत," ती म्हणाली. "तुमी कोलीन ठेवली!"

जेवण उत्तम झालं. आईने बाथरूम स्वतः घासून काढलं, साबण लावून, दोनदा. वंदना नको नको म्हणत होती. संध्याकाळी आईने कपड्यांची पिशवी उचलली. उघडलीही नव्हती.

"तुज्या भावाकडं जाते. जालं इनायला मानूस नाय त्याच्याकडं."

भावाकडे जाळी विणायला तीन माणसं आहेत.

आता येते अधूनमधून. हॉलमध्ये सोफ्यावर बसते, पाय वर घेऊन. चहा घेते. वंदना विचारते, "आई, अर्नाळ्याचं काय नवीन?" आई म्हणते, "काय नाय. सगलं तसंच." टोपली आणत नाही.

* * *

परवा पास्कू आला, एका कपाटाची बिजागरी ढिली झाली होती म्हणून. काम झाल्यावर चहा पिताना म्हणाला, "मावशी कुठं? कायमच्या येणार होत्या ना?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, काचेच्या केबिनसकट. पास्कू हसला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, "दिलीपभाऊ, तो मोरीचा दगड मी टाकला नाही. राबिटात जाऊ दिला नाही. एवढा गुळगुळीत दगड कोण टाकतं? मी वाडीत नेऊन ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून दगड आला. वॉशिंग मशीन निघालं, ते गेलं बाल्कनीत. पास्कूने स्वतः वॉटरप्रूफिंग केलं आणि सावेकाकांना खाली उभं करून वरून पाणी सोडलं. काका खालून ओरडले, "कोरडं!" बुटका कट्टा बांधला, नळ बसवला. मी आईला आणायला अर्नाळ्याला गेलो, काही सांगितलं नाही, फक्त म्हणालो, टोपली घे.

आई किचनमध्ये आली. कोपऱ्यात बघितलं. वाकून दगडावर हात फिरवला. मग तांब्याभर पाणी ओतलं आणि ते कुठे जातं ते बघत उभी राहिली. पाणी सरळ जाळीकडे गेलं.

"जातंय," ती म्हणाली.

पाट टाकला. बसली. विळी पायाखाली दाबली आणि न बघता म्हणाली, "वंदना, ये गो इकडं. त्या पलीकडच्या घरातली सून परत आली, तुला सांगायचंच रायलं..."

* * *

तर, शेवटी सांगतो म्हणालो होतो.

पास्कू परवा आला होता, हे खरं. दगड त्याने टाकला नाही, तो त्याच्या वाडीत आहे, हेही खरं. त्यावर आता त्याची बायको मासे साफ करते. टेम्पो आला नाही. कोपऱ्यात अजून वॉशिंग मशीन आहे. टेम्पोपासून पुढचं सगळं माझं, मनातलं.

सेल्समनचा टायसुद्धा मागे राहिला नव्हता.

काचेतलं मात्र सगळं खरं. केबिनच्या खालच्या कोपऱ्यात, काच जिथे भिंतीला चिकटवलीय तिथे, पापलेटचा एक खवला अडकून राहिलाय. वंदना रोज ती काच पुसते. तेवढा कोपरा सोडून.